नखाखालची ओल

लेकीला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा घरात सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि मी बेसिनवरच्या आरशासमोर उभी राहून, मान वर करून गळ्यावरच्या वळ्या तपासल्या. बेचाळीस वर्षांची होते मी. माझं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं, वर्षभरात लेक झाली, आणि लेकीनेही आईचाच कित्ता गिरवला. आता कुणीतरी मला आजी म्हणणार होतं. आज बसमध्ये एखादा पोरगा ‘आजी, बसा’ म्हणाला की मी मागेपुढे न बघता बसकण मारते. पण तेव्हा भाजीवाल्याने नुसतं ‘मावशी’ म्हटलं तरी त्याची भेंडी मला जून दिसायला लागायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही सानपाड्याला राहायचो, खाडीकडे तोंड असलेल्या एका सोसायटीत. घरात तिघं. हे तुर्भ्याच्या एका कंपनीत सुपरवायझर, मी, आणि माझ्या सासूबाई. त्या साताऱ्याकडच्या, म्हणून तिकडच्या रीतीने मी त्यांना आत्या म्हणायची. लेक डोंबिवलीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे, हे ठरवायचीसुद्धा गरज नव्हती. ठरवायचं होतं ते एवढंच की बाळाला न्हाऊमाखू कोण घालणार.

आमच्या घरातली झाडून सगळी बाळं आत्यांनी न्हाऊ घातलेली. माझी लेकही त्यांच्याच पायांवर वाढली. पण आताशा त्यांच्या हातांना कंप सुटला होता. कपबशी नुसती उचलली तरी किणकिणायची, आणि किणकिण ऐकली की त्या रागाने बशीकडे बघायच्या, जणू तीच थरथरते आहे. एका दुपारी त्यांनी मला समोर बसवलं.

“या बारीला तुलाच करायचं हाय सगळं,” त्या म्हणाल्या. “तेल, आंघोळ, शेक, टाळू. माझ्या हातावर आता भरवसा न्हाई.”

टाळूचं नाव निघालं तसे मी हात पदराखाली घेतले. ज्यांनी तान्हं बाळ हाताळलं नसेल त्यांना सांगते. बाळाच्या डोक्यावर, कपाळाच्या जरा वर, हाडं अजून जुळलेली नसतात. तिथे कातडीखाली नुसतं धडधडत असतं. त्या जागी कोमट तेल बोटांच्या पेरांनी हलकेच जिरवायचं, याला टाळू भरणं म्हणतात. माझ्या लेकीच्या वेळी मी त्या जागेकडे बघायलासुद्धा घाबरायची. आत्या भरायच्या, मी भिंतीकडे तोंड करायची.

“आत्तापासनं नखं बारीक ठेव,” आत्या म्हणाल्या.

कुठलीही शहाणी बाई त्या दिवशी नेलकटर शोधती. पण तेव्हाची मी! माझ्या डोक्यात एकच. आजी व्हायचंच आहे, तर निदान तशी दिसायचं तरी नाही.

वाशीला सेक्टरच्या मार्केटमध्ये, पहिल्या मजल्यावर एक पार्लर नवीनच उघडलं होतं. मालकीणबाई काही वर्षं दुबईला राहून आलेली. तिथून तिने नखांवर जेल चढवायचं काम शिकून आणलं होतं, आणि सोबत ते जेल सुकवून कडक करणारा एक दिवा. जेलची नखं करणारी सगळ्या वाशीत आपण एकट्याच, असं ती सांगायची. ते खरं असावं, कारण मी गेले तेव्हा दुसऱ्या दोन बायका नुसत्या तो दिवा बघायला येऊन बसल्या होत्या.

तिने माझा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक नख दाबून बघितलं. आंबा पिकलाय का बघतात, तसं.

“मॅडम, यात प्रकार असतात,” ती म्हणाली. “एक म्हणजे, नख तुमचंच. बारीक ठेवायचं आणि वरून जेलचा एक पातळ थर. लांबी नाही, पण नख तुटत नाही आणि कोणाला कळतपण नाही. ज्यांचे हात सारखे पाण्यात असतात त्यांना मी हेच देते. दुसरं, टिप. प्लास्टिकचं टोक पुढे चिकटवायचं आणि त्याच्यावर जेल. लांब पाहिजे तेवढं करा. तिसरं, खाली साचा लावून जेलचंच नख घडवायचं. पण त्याला खालचं नख कडक लागतं. तुमचं...” तिने माझा अंगठा दाबला, नख कागदासारखं लवलं. “तुमचं नाही झेपणार.”

मी टेबलावरच्या नमुन्यांकडे बघत होते. लांब टोकांची, बदामासारखी निमुळती नखं एका पट्टीवर लावून ठेवली होती. माझी स्वतःची नखं फावड्यासारखी, रुंद आणि आखूड. पिठात, राखेत, साबणात झिजलेली.

“भांडी कोण घासतं घरी?” तिने विचारलं.

“बाई आहे.”

“कपडे?”

“मशीन आहे.”

“पोळ्या?”

“पोळ्यांना पण बाई आहे.”

बसल्या जागी मी घरात दोन नोकर ठेवले आणि एक मशीन आणलं. प्रत्यक्षात आमच्याकडे कपड्यांचा ब्रश होता आणि मी होते. पण त्या दिवा बघायला आलेल्या बायकांसमोर, थंडगार एसीत, ‘भांडी मीच घासते’ हे तोंडातून निघेना. नव्या टाउनशिपमध्ये राहायला आलेल्या आम्हा बायकांची ही एक जातच होती. चाळीतून फ्लॅटमध्ये आलो तेव्हा सामानाबरोबर एक न ठेवलेली मोलकरीणही आणली होती.

“लहान मूल आहे का घरी?”

“छे! मुलं मोठी झाली आता.”

येणाऱ्या बाळाबद्दल अवाक्षर नाही.

“मग टिप करू,” ती म्हणाली. “तुम्हाला चालेल.”

तिने माझी नखं खरवडली, त्यांना टोकं चिकटवली, वरून काचेसारखं जेल पसरलं आणि तो दिवा पुढे ओढला. एक छोटा डबा, पुढून उघडा, आत जांभळट निळा उजेड. हात आत घातला आणि माझीच बोटं मला परकी दिसायला लागली. दातांसारखी चमकत होती.

“गरम लागेल,” ती म्हणाली. “हात काढू नका.”

गरम कसलं, नखांच्या मुळाशी चटका बसला. कुणीतरी आतून माचिस ओढावी तसा. मी दात आवळले. डब्याच्या आतून बारीक गुणगुण येत होती. पलीकडची बाई म्हणाली, “अय्या, किती सहन करता हो तुम्ही!” आणि मी हसले. हसले, देवा!

निघताना तिने बजावून सांगितलं. “कुठे कडा सुटली की लगेच या. घरी काही चिकटवायचं नाही. ओढायचं तर अजिबात नाही, खालचं नख सोलून निघेल. आणि हे नेलपॉलिशसारखं पुसून जात नाही, घासूनच काढावं लागतं. ते मी करीन.” माझं अर्धं लक्ष काउंटरवरच्या मरून नेलपॉलिशच्या बाटलीकडे होतं; तीही मी घेऊनच निघाले.

घरी आले तेव्हा आत्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि सूप खाली ठेवलं.

“निघतात का गं ही?”

“निघतात की.”

“मग पोर यायच्या आत काढ.”

“आत्या, अजून दोन महिने आहेत. आणि हल्ली सगळ्या करतात.”

त्यांनी सुपातले चार दाणे उचलून परत टाकले. मग तांदळातला खडा शोधत असल्यासारख्या खाली बघून म्हणाल्या, “आमच्या गावात एक सुईण हुती. हात लई हलका. पाच गावं तिला बोलवायची. नखं तेवढी राखायची, हौस म्हनून.”

“मग?”

“मग काय. एका घरी पोराची बेंबी पिकली. मग दुसऱ्या घरी. बारशाच्या दिवशी पाळणा टांगायचा, तर बाप्ये खड्डा खणायला गेले.”

“तिच्या नखांमुळेच कशावरून?”

“मी कुठं तसं म्हटलं,” आत्या म्हणाल्या आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

संध्याकाळी हे घरी आले. नखं बघून म्हणाले, “वा! आता पाठ खाजवायची सोय झाली.” मी रुसले. पण रुसताना हात पदराशी असे धरले की नखं दिसावीत.

डोहाळेजेवण आमच्याकडेच झालं. हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत लेक अशी दिसत होती की माझी नजर हलेना. पण ओटी भरायला वाकले आणि माझी नखं नारळावर टकटक वाजली, तेव्हा सगळ्या बायकांच्या माना माझ्याकडे वळल्या. लेकीपेक्षा जास्त वेळ त्यांनी मलाच बघून घेतलं. तिच्या सासूबाई गोड हसून म्हणाल्या, “विहीणबाई, नवरी कोण, तेच कळेना आम्हाला.” ही स्तुती आहे असं मी त्या दिवशीच काय, पुढे बरेच दिवस समजत होते.

पाहुणे गेले आणि माझ्या न ठेवलेल्या बाईचं काम सुरू झालं. मसालेभाताचं पातेलं, जिलब्यांची परात, खाली लागलेली खीर. पातेल्याच्या बुडाशी खरवडताना उजव्या हाताच्या मधल्या बोटाशी ‘टक्’ असा आवाज झाला. अगदी बारीक. बघितलं तर नखाच्या एका कडेला जेल सुटलं होतं. खाली केसाएवढी फट.

दुसऱ्या दिवशी वाशीला गेले. पार्लरचं शटर खाली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं, “त्या दुबईला गेल्या. परत कधी येणार, काही बोलल्या नाहीत.” शटरच्या खाचेत कुणीतरी लग्नपत्रिका खोचून ठेवली होती आणि तिच्यावर धूळ बसायला लागली होती. 

तिथून मी सरळ घरी आले आणि यांच्या चपलांचा गोंद काढला. तो फटकन चिकटणारा, बोटं चिकटली तर सुटत नाहीत असा. एक थेंब त्या फटीत सोडला, वरून दाबलं. चिकटलं! मरून रंगाचा हात फिरवला. पूर्वीसारखं दिसायला लागलं. मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की मी यांना हाक मारून दाखवणार होते.

नववा लागला आणि लेक राहायला आली. तिचे पाय सुजले होते, रक्तदाब वरखाली होत होता. डॉक्टरीणबाई दर खेपेला म्हणायच्या, जरा लक्ष ठेवा. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की त्याच्याबरोबर कारखान्यांकडचा एक तिखट वास यायचा. एरवी आम्हाला त्याची सवय होती. आता लेक नाकाला पदर लावायची आणि मी धावत जाऊन खिडक्या लावायची. बंद खिडक्यांत आत्यांच्या बशीची किणकिण तेवढी ऐकू यायची.

एका दुपारी दोघी झोपल्या होत्या. नेलपॉलिशचे टवके उडाले होते म्हणून मी कापसाने ते पुसायला बसले. एकेक नख काचेसारखं स्वच्छ निघत गेलं. मधल्या बोटाचं पुसलं आणि मला आधी वाटलं, रंग अजून उरलाय. पुन्हा पुसलं. कापूस पांढराच.

नखाखाली हिरवं होतं.

सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर शेवाळ धरतं ना, तसं. कडेला काळपट, मध्ये गडद, आणि मुळाकडे सरकत चाललेलं. दुखत नव्हतं. दाबलं, तरी दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं. जिवंत बोट आहे असं वाटलं असतं. नाकाशी नेलं आणि लांब केलं.

बाळाची दुपटी दोरीवर वाळत होती. ती मी सकाळीच धुतली होती. याच हातांनी.

बोटाला चिकटपट्टी गुंडाळली आणि घरात विळीवर कापलं म्हणून सांगितलं. आत्यांनी चिकटपट्टीकडे बघितलं, मग विळीकडे.

वाशीच्या त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून बघितलं.

“टोकं लावून किती दिवस झाले?”

मी सांगितलं. गोंदाचंही सांगावं लागलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“नख आणि जेल यांच्यामध्ये पाणी शिरलं, आणि वरून तुम्ही झाकण लावलंत. हा जंतू ओलीत वाढतो. आत मजेत बसलाय.”

“माझं बोट...”

“तुमच्या बोटाला फारसं काही होत नाही. सगळी टोकं घासून काढा, हे थेंब घाला, बोट कोरडं ठेवा. हिरवा डाग मात्र नख वाढून पुढे जाईल तेव्हाच जाईल. त्याला महिने लागतील.” मग त्यांनी विचारलं, “घरी कोण कोण असतं?”

“हे, सासूबाई. आणि लेक आलीय, बाळंतपणाला.”

लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. “मोठ्या माणसाला हा सहसा काही करत नाही,” ते शब्द मोजत म्हणाले. “नव्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याची बेंबी ओली असते. मी हो म्हणेपर्यंत तुम्ही बाळाला हात लावू नका.”

या डॉक्टरांनी आत्यांची गोष्ट ऐकलेली नव्हती.

घासून काढायचं तर कशाने? पार्लरचं शटर अजून खालीच. शेवटी मी टाचा घासायची वजरी घेतली आणि दुपारी गॅलरीत बसले. जेल कसलं चिवट! घासून घासून खांदा भरून आला. पांढरी भुकटी उडत होती. मी इतकी घाईवर आले होते की जेल कुठे संपलं आणि नख कुठे सुरू झालं ते कळलंच नाही; बोटं पोळायला लागली तेव्हा थांबले. खाली नखं उरली होती ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी. मधल्या बोटाचा हिरवा डाग आता उघडाच होता.

खाडीचा वारा फिरला आणि भुकटी सगळी घरात गेली. आत्या दारातच उभ्या होत्या. त्यांच्या केसांवर, पदरावर पांढरं पडलं.

“नखं घरात पडली की भांडणं होतात म्हनून आम्ही वेचून टाकायचो,” त्या म्हणाल्या. “तू तर पीठ करून पेरलंस.”

मी झाडू घेतला. कानाकोपरे झाडले, ओल्या फडक्याने पुसले, पलंगाखाली वाकून पुसलं. तरी भांडण व्हायचं ते झालंच. त्याच संध्याकाळी.

बोटात थेंब घालायला मी चिकटपट्टी सोडली होती आणि लेक पाणी प्यायला आत आली.

“आई, ते काय आहे?”

“काही नाही गं. रंग बसलाय नेलपॉलिशचा.”

“रंग आतून बसतो?”

मी हात मागे घेतला. लहानपणी ती चिंच लपवायची, अगदी तसा.

“डॉक्टर काय म्हनाला ते सांग तिला,” आत्या कोपऱ्यातून बोलल्या. “तिचं पोर हाय.”

मी सांगितलं. कमी करून सांगायला गेले, पण माझा आवाजच खरं बोलत होता. लेकीने ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. ती उठली, दोरीवरची दुपटी आणि झबली काढली आणि एकेक घडी करून बॅगेत भरायला लागली.

“अगं, काय करतेस?”

“डोंबिवलीला जाते.”

“वेडी आहेस का? पहिलं बाळंतपण माहेरी असतं.”

“माहेरी आईचे हात असतात म्हणून असतं ना?” ती म्हणाली. “मग मी इथे कशाला राहू?”

हे मध्ये पडले. आता संध्याकाळ झाली, तू पाय बघ किती सुजलेत, रविवारी गाडी करून सोडतो, असं म्हणाले. लेकीने रविवारपर्यंत थांबायला मान डोलावली. बॅग दाराशी नेऊन ठेवली. पुढचे दिवस ती बॅग तिथेच होती. येता-जाता तिला पाय लागू नये म्हणून सगळे वळसा घेऊन जायचे. मी केलेलं जेवण लेक जेवायची, पण पहिला घास तोंडाशी नेताना क्षणभर थांबायची. ते थांबणं अजून मला दिसतं.

रविवार उजाडलाच नाही. शनिवारी सकाळी तिला कळा सुरू झाल्या. रिक्षात ती यांच्या बाजूला टेकून बसली, माझ्याकडे नाही. दवाखान्यात दुपार टळून गेली. रक्तदाब चढला होता, डॉक्टरीणबाई दोनदा बाहेर आल्या आणि दोनदा आम्हाला काही न सांगता आत गेल्या. मी बाकावर हात मांडीखाली घालून बसले होते. देवाला नमस्कार करायला हात काढावेत असंसुद्धा वाटेना.

मुलगी झाली. बारीक, पण धड. नर्सने दुपट्यात गुंडाळून आणली आणि समोर बाई दिसली म्हणून सरळ माझ्यापुढे धरली.

“घ्या, आजी.”

ज्या शब्दाला मी इतके महिने घाबरत होते तो आला, आणि मी दोन पावलं मागे सरकले. यांनी बाळ घेतलं. त्यांना धड धरताही येईना.

एवढ्या कोवळ्या बाळाला घेऊन डोंबिवलीला जायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं, म्हणून लेक सानपाड्याला आली. बॅग दारातून आत आली. पण घरात पाय ठेवतानाच तिने सांगितलं, “आई, बाळाला तू हात लावायचा नाहीस.”

“नाही लावणार.”

मी पाणी तापवायची. उजव्या हातावर दुधाची रिकामी पिशवी ओढून मनगटाशी रबर लावायची आणि बादली न्हाणीच्या दारापर्यंत न्यायची. उंबरठ्याच्या आत नाही. आत ओली बाळंतीण पाटावर बसून स्वतःच बाळाला न्हाऊ घालायची आणि आत्या शेजारी बसून सांगायच्या, मान धर, पालथं कर, कान झाक. कधी त्यांचे हात आपोआप पुढे यायचे, थरथरायचे आणि परत जायचे. बाळ ओलं, लेक ओली, दोघी रडत असायच्या. मी दारात पिशवी घातलेला हात घेऊन उभी. मी जरा हलले की पिशवी चुरचुरायची आणि लेक दचकून वर बघायची.

टाळू कुणीच भरली नाही. लेकीला भीती वाटायची, आत्यांना स्वतःची.

चौथ्या दिवशी बेंबीच्या कडेला लाली दिसली.

आत्यांनी बघितलं, लेकीने बघितलं, यांनी चष्मा लावून बघितलं, आणि मग तिघांनीही माझ्या बोटाकडे बघितलं. मी बाळाला एकदाही शिवले नव्हते. तरी मी स्वतःसुद्धा बोटाकडेच बघितलं. दुपटी मी धुतली होती. पाणी मी तापवलं होतं. नखांची भुकटी मी घरात सोडली होती. आत्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे कुठलं गाव आहे, ते विचारायची मला गरज नव्हती.

बालरोगतज्ज्ञांनी बेंबी पुसली, दाबून बघितली, औषध दिलं. “ताप आला तर लगेच आणा,” म्हणाले. दर तासाला कुणीतरी बाळाच्या कपाळाला हाताची पाठ लावायचं. मी सोडून. मी पाळण्यापासून लांब उभी राहून इतरांच्या चेहऱ्यांवरून बाळाचा ताप बघायची.

ताप आला नाही. लाली फिकट झाली. नाळ सुकली आणि एका सकाळी दुपट्यात गळून पडलेली सापडली. आत्यांनी ती पदराला बांधली आणि पहिल्यांदाच नीट जेवल्या. 

त्वचेच्या डॉक्टरांनी पुन्हा भिंगातून बघितलं आणि म्हणाले, “आता इथे काही नाही. हा नुसता डाग राहिलाय. नखं अशीच बारीक ठेवा. हात धुऊन बाळाला घ्यायला हरकत नाही.” मी घरी येऊन लेकीला हेच सांगितलं. ती ऐकत होती आणि तिची नजर हिरव्या नखावर होती. डॉक्टरांचं बोलणं कानात शिरत होतं. डाग डोळ्यांसमोर होता.

“बघू,” ती म्हणाली.

दोन-तीन दिवस ‘बघू’वरच गेले. मग एका सकाळी आंघोळ झाल्यावर आत्यांनी बाळाच्या डोक्यावरून नजर फिरवली. “टाळू कोरडी पडलीया,” त्या म्हणाल्या. “खोल दिसती.” खोल दिसत होती की नाही देव जाणे, पण तो शब्द ऐकून लेकीचा चेहरा उतरला. तिने तेलाची वाटी उचलली, बोट बुडवलं, बाळाच्या डोक्याजवळ नेलं आणि तसंच मागे घेतलं. कातडी हलत होती. मला बघवत नव्हतं ते तिलाही बघवत नव्हतं. आईवर गेलेली.

“आई,” तिने हाक मारली. “हात धुऊन ये.”

मी धुऊन आले. कोपरापर्यंत, साबणाने दोनदा. पाटावर बसले, पाय पसरले. तिने बाळ माझ्या पायांवर ठेवलं, पण हात त्याच्या पाठीखालून काढला नाही.

“बोटं नाही लावायची.”

“नाही.”

“एकही नाही.”

“मग भरू कशाने?”

तिने माझा उजवा हात मनगटाला धरून उताणा केला आणि तळव्याच्या खळग्यात तेल ओतलं. “याने.”

मी सगळी बोटं मागे वळवली, जातील तेवढी मागे, आणि तळवा खाली नेला. बाळाचं डोकं माझ्या तळव्यापेक्षा फार मोठं नव्हतं. तेल आधी टेकलं, मग कातडी. खालून धडधड लागली. इतकी जवळ, इतक्या पातळ पडद्याआड, की मला वाटलं मी जरा जोरात श्वास घेतला तरी ती फुटेल. आता तोंड वळवायला भिंत नव्हती. बघावंच लागलं.

“दाबू नगं,” आत्या म्हणाल्या. “नुसता ठेव. ते आपलं आपण पितं.”

मी तळवा अगदी सावकाश फिरवला. बोटं ताठ धरून मनगटाला कळा येत होत्या. लेक बाळाकडे बघतच नव्हती. ती माझ्या बोटांकडे बघत होती, एकेका बोटाकडे पाळीपाळीने, आणि हिरव्या नखाशी आली की थांबत होती. मी बोटं खाली येऊ दिली नाहीत. बाळाने जांभई दिली, डोळे मिटले.

“पुरे,” लेक म्हणाली आणि बाळ उचलून घेतलं. दुपट्यात गुंडाळताना तिने बाळाचं डोकं नाकाशी नेऊन हुंगलं. कितीतरी वेळ.

मी तशीच बसून राहिले. तेलकट हात हवेत, कुठे टेकवावा ते कळत नव्हतं.

पाठमोरीच ती म्हणाली, “उद्या तेल जरा कमी तापव.”